पहिली मोटरसायकल, आणि तीही पूर्ण काळी क्रूझर

साताऱ्यात राहून कोरेगावच्या शाळेत नोकरी करायची म्हणजे दुचाकीवाचून भागत नाही. सुमारे वीस किलोमीटरचा हा रस्ता मी अनेक वर्षे स्कूटरवरून केला आणि त्या स्कूटरबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. तरीही मला मोटरसायकल हवी होती, आणि मोटरसायकल म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे एकच आकृती उभी राहत असे: लांबलचक, जमिनीलगत बसलेली, पुढचे चाक धरणारा फोर्क ऐसपैस पुढे झुकलेला आणि टाकीपासून सायलेन्सरपर्यंत क्रोमची कुठेही चकाकी नसलेली काळी क्रूझर. डोळ्यांचा कौल आधीच लागलेला होता. ती गाडी अंगाला पेलेल का, रोजच्या रस्त्याला मानवेल का आणि पगारात बसेल का, हे तपासण्यात मात्र मी बराच काळ घालवला. गियरची पहिलीच गाडी म्हणून क्रूझर घेऊ पाहणाऱ्यांना, त्यातही माझ्यासारख्या पाच फूट दोन इंच उंचीच्या बायकांना, त्या तपासणीतले तपशील उपयोगी पडतील असे वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात परवान्यापासून करावी लागली. माझा परवाना विनागियर दुचाकीचा होता. गियरच्या गाडीसाठी परवान्यात नवा वर्ग जोडून घ्यावा लागतो आणि त्याकरिता आधी शिकाऊ परवाना काढावा लागतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवस उलटल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. अनेकांना हा महिना अडचणीचा वाटतो. मला तो फार मोलाचा वाटला, कारण या काळात माझ्या मावसभावाने त्याच्या स्प्लेंडरला लाल ‘एल’ लावून मला जिल्हा परिषदेच्या मैदानावर क्लच शिकवला. दादाची शिकवण्याची रीत साधी होती. ॲक्सिलरेटरला हातच लावायचा नाही, नुसता क्लच हळूहळू सोडत गाडी कुठे ओढ घेते ते बोटांना कळेपर्यंत तेच करत राहायचे. हाफ क्लचवर गाडी माणसाच्या चालीने चालवता आली की बाकीचे सगळे आपोआप येते, असे तो म्हणायचा, आणि पुढे क्रूझरसारखी लांब गाडी अरुंद बोळात वळवताना मला त्याचे म्हणणे पदोपदी पटले. आरटीओच्या मैदानावरचा आठाचा आकडाही मी स्प्लेंडरवरच काढला. पहिली गाडी कोणतीही घ्या, शिकण्यासाठी दुसऱ्याची हलकी गाडी मिळत असेल तर ती जरूर वापरावी, असे माझे ठाम मत आहे. नवशिक्याच्या हातून गाडी आडवी होणारच. ती शंभरेक किलोंची असणे आणि दोनशे किलोंच्या घरातली असणे यांत फार अंतर आहे.

याच काळात मी बाजारातल्या गाड्या पाहू लागले. क्रूझर म्हणजे क्रोम, हे समीकरण मोडून इंजिन, चाके, हँडल, सायलेन्सर सगळेच काळे करण्याची रीत मुळात अमेरिकेतली. हार्ले-डेव्हिडसनने २००९ मध्ये आणलेली आयर्न ८८३ हे तिचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. आपल्याकडे २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आकुर्डीच्या बजाजने ॲव्हेंजरचे दोन भाग केले: क्रोमची ‘क्रूझ’ आणि काळी ‘स्ट्रीट’. २०१८ च्या फेब्रुवारीत रॉयल एनफिल्डने थंडरबर्ड एक्स काढली, तीही काळे इंजिन, काळा सायलेन्सर आणि सपाट हँडल घेऊन आली. जावाची पेराक २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आली, ती तर मॅट काळ्या रंगातच. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये थंडरबर्डच्या जागी मेटिओर ३५० आली, तिच्या ‘फायरबॉल’ प्रकारातही इंजिन आणि सायलेन्सर काळे होते.

या गाड्या शेजारी शेजारी पाहताना लक्षात आले की काळी आवृत्ती केवळ रंगाने वेगळी नसते. ॲव्हेंजर क्रूझ आणि ॲव्हेंजर स्ट्रीट या एकाच घराण्यातल्या गाड्या. पण क्रूझचे हँडल उंच आणि चालवणाऱ्याकडे ओढलेले असते, पाठीमागे टेकू असतो, पुढे वाऱ्याची काच असते, चाके तारांची असतात. स्ट्रीटचे हँडल आखूड आणि सपाट असते, चाके मिश्रधातूची असतात, आणि टेकूच्या जागी नुसती पकडायची दांडी येते. त्यामुळे क्रूझवर पाठ सरळ ठेवून, किंबहुना किंचित मागे रेलून बसता येते, तर स्ट्रीटवर पाय पुढे आणि हातही पुढे, असे बसावे लागते. लांब हातांच्या माणसाला ही बैठक सहज जमते. आखूड हातांच्या माणसाला खांद्यांतून पुढे वाकावे लागते आणि तासाभराने मानेखाली रग लागते. रंगाच्या मोहात हा फरक कोणी सांगत नाही. शोरूममध्ये गाडीवर बसून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे; वळवलेल्या हँडलच्या दूरच्या टोकाला हात पोहोचताना कंबर बैठकीवरून सुटत असेल, तर त्या हँडलने रोज यू-टर्न घेणे त्रासाचे होणार हे तिथेच समजावे. मला स्ट्रीटचे हँडल जेमतेम पोहोचत होते, पण पोहोचत होते.

जावाची पेराक आणि नंतर आलेली ४२ बॉबर या दोन्ही दिसायला अतिशय सुंदर गाड्या. बॉबरच्या बैठकीची उंची ७४० मिलिमीटर आहे, म्हणजे मला सोयीचीच. परंतु दोन्हींची बैठक एकट्यापुरती. आईला आठवड्याच्या बाजाराला किंवा दवाखान्यात न्यायचे असेल तर घरात दुसरी गाडी ठेवावी लागली असती, तेव्हा त्या यादीतून गेल्या. उरल्या दोन: मेटिओर ३५० आणि ॲव्हेंजर स्ट्रीट १६०.

कागदावर पाहिले तर मेटिओर सगळ्याच बाबतींत सरस होती. ३४९ सीसीचे इंजिन, इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांवरच २७ न्यूटन-मीटरचा जोर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि दोन्हींना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), टाच आणि चवडा दोन्हींनी बदलता येणारा गियर. १६० च्या इंजिनाचा जोर साधारण १३.७ न्यूटन-मीटर, आणि तोही ७००० फेऱ्यांवर. म्हणजे क्रूझरकडून ज्या निवांत, खालच्या फेऱ्यांवरच्या ओढीची अपेक्षा असते ती तिच्यात कमी. मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. मेटिओरची टेस्ट राइड घेऊन मी यवतेश्वरचा घाट चढले तेव्हा तिसऱ्या गियरमध्ये ती ज्या शांतपणे वळणामागून वळण चढत गेली, त्या चालीने मी भारावून गेले होते. तिच्या इंजिनात कंपन मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे जुन्या बुलेटसारखी धडधड हाताला जाणवत नाही. पैशांचा विचार बाजूला ठेवला असता तर मी त्याच दिवशी बुकिंग केले असते.

निकाल लागला तो आमच्या बोळात. आमचे घर समर्थ मंदिराच्या बाजूला चढावर आहे. दारापुढची जागा रस्त्यापेक्षा खाली, म्हणजे गाडी आत लावताना उतार आणि बाहेर काढताना मागच्या मागे चढ. स्कूटर मी रोज अशीच ओढून काढत असे. शोरूममधला मुलगा टेस्ट राइडची गाडी घरी घेऊन आला होता. मी त्याला ती आत लावायला सांगितली आणि मग एकटीने बाहेर काढून पाहिली. डाव्या हातात हँडल, उजव्या हातात मागची दांडी, कंबर बैठकीला टेकवलेली. गाडी हलली, थोडी मागे आली, आणि पुढचे चाक उंबऱ्याजवळच्या फरशीच्या कडेला लागताच तिचा तोल माझ्या विरुद्ध बाजूला, उजवीकडे गेला. गाडी सरळ उभी असेपर्यंत तिचे वजन चाकांवर असते. ती कलू लागली की तेच वजन हातांवर येते, आणि दूरच्या बाजूला कललेली १९१ किलोंची गाडी ओढून धरायला माझ्या हातांत बळ नव्हते. तो मुलगा पलीकडेच उभा होता, त्याने धरली. “ताई, रोज कोण येणार धरायला?” असे आई दारातून म्हणाली. आई मला लाडात आली किंवा काळजीत पडली की ताई म्हणते.

ॲव्हेंजर स्ट्रीटचे वजन १५६ किलो आहे, बैठकीची उंची ७३७ मिलिमीटर. मेटिओरच्या बैठकीची उंची ७६५ मिलिमीटर, म्हणजे फरक तीन सेंटिमीटरच्याही आत; पण पाय टेकण्याच्या दृष्टीने नुसती उंची पाहून भागत नाही, बैठक मांडीपाशी किती रुंद आहे हेही पाहावे लागते. रुंद बैठकीवर पाय फाकतात आणि तितकी उंची पायांतून वजा होते. मेटिओरवर माझे चवडे टेकत होते, स्ट्रीटवर दोन्ही तळपाय सपाट टेकले. सपाट टेकलेल्या तळपायांनी माणूस बसल्या बसल्या गाडी मागे रेटू शकतो, आणि आमच्या बोळात तेच करायचे होते. तीच चाचणी मी स्ट्रीटवर घेतली. गाडी बाहेर आली. पहिल्यांदा दमछाक झाली, दुसऱ्यांदा चाक कुठल्या रेषेत ठेवायचे ते कळले. माझा निर्णय तिथे झाला. बारावीच्या वर्गाला मी भौतिकशास्त्र शिकवते, गुरुत्वमध्यावरची गणिते फळ्यावर सोडवते, तरी गाडीचा गुरुत्वमध्य खाली असणे म्हणजे काय हे माझ्या मनगटांना त्या दिवशी समजले.

मध्यंतरी जुन्या गाडीचाही विचार केला होता, आणि त्यातला एक अनुभव काळ्या गाडीच्या शोधात असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक काळी ॲव्हेंजर बऱ्याच कमी किमतीत मिळत होती. गाडी लांबून देखणी होती. जवळ जाऊन बैठक काढायला लावली तेव्हा आतल्या वायरींच्या गुंडाळीवर काळ्या रंगाचे बारीक तुषार दिसले, आणि टाकीच्या बुडाशी नखाने खरवडले तर खालून तांबडा रंग निघाला. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, गाडीचा रंग नोंदलेला असतो. तिथे तांबडाच होता. मूळ क्रोमच्या भागांवर घासकाम न करता फवारा मारलेला, त्यामुळे सायलेन्सरच्या वाकणापाशी रंगाचे पापुद्रे सुटू लागले होते. मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे; रंग बदलला असेल तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, नाहीतर पुढे विमा आणि मालकी हस्तांतर या दोन्ही ठिकाणी अडते. विकणारा गृहस्थ प्रामाणिक होता, त्यानेही ती तशीच घेतलेली होती. पण कारखान्यातून काळी निघालेली गाडी आणि नंतर काळी केलेली गाडी यांत असा फरक असतो. इंजिनाच्या पंख्यांसारख्या पट्ट्यांवर कारखान्यात उष्णता सोसणारा पातळ, एकसारखा थर बसवलेला असतो. घरगुती फवाऱ्याचा जाड थर उष्णता बाहेर पडू देण्यात आडकाठी करतो आणि स्वतःही जळून निघतो.

खर्चाचे थोडक्यात सांगते. त्या वेळी स्ट्रीट १६० ची एक्स-शोरूम किंमत सव्वा लाखाच्या आत होती, मेटिओरची दोन लाखांच्या पुढे. महाराष्ट्रात दुचाकीवर एकरकमी कर भरावा लागतो. तो ९९ ते २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होता. नव्या दुचाकीला २०१८ पासून पाच वर्षांचा त्रयस्थ (थर्ड पार्टी) विमा एकदम घ्यावा लागतो, आणि १५० ते ३५० सीसीच्या गटात त्याचा हप्ता ७,३६५ रुपये होता. ३५० च्या वर गेले की तोच १५,११७ होत असे. म्हणून साडेतीनशेच्या उंबरठ्याच्या अलीकडे राहण्यात पहिल्या गाडीच्या दृष्टीने शहाणपण आहे. शोरूमच्या कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ नावाची एक रक्कम होती. ती कशाची, असे मी लेखी विचारले तेव्हा ती निघून गेली. लेग गार्ड घेतला, सीट कव्हर नाकारले, विमा स्वतः तुलना करून निवडला.

घरातला एकच आक्षेप रंगाबद्दल होता. आजीला पहिली गाडी काळी नको होती. तिच्या मते नव्या वस्तूचा रंग प्रसन्न असावा, आणि या वयाच्या माणसाचा असा समज वादाने बदलत नाही, बदलूही नये. मी तिला फक्त संक्रांतीची आठवण करून दिली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिला नेसवलेली काळी चंद्रकला आजही तिच्या ट्रंकेत नीट घडी घालून ठेवलेली आहे, आणि आजी ती दर वर्षी उन्हात काढते. आजी काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आण बाई. पण दृष्ट मी काढणार.” तिने खरोखरच मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.

डिलिव्हरी मी मुद्दाम पाडव्याला घेतली नाही. पाडव्याला आणि दसऱ्याला शोरूमसमोर रांग लागलेली असते, पुजेच्या घाईत गाडी हातात ठेवली जाते, आणि काळ्या गाडीची तपासणी तर घाईत अजिबात होत नाही. पाडव्याच्या आधीच्या एका साध्या दिवशी, दुपारच्या उन्हात मी गाडी पाहायला गेले. शोरूममधल्या दिव्यांखाली काळा रंग निर्दोष दिसतो. तोच उन्हात आणून, डोळा टाकीच्या पातळीला नेऊन, कडेने पाहिला की फडक्याने पुसताना पडलेल्या वर्तुळाकार रेघा कोळ्याच्या जाळ्यासारख्या स्पष्ट दिसतात. माझ्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर एक खोल ओरखडा होता. वाहतुकीत पट्टा घासून पडलेला असणार. मडगार्ड बदलून देईपर्यंत मी कागदांवर सही केली नाही आणि त्यांनी तो दोन दिवसांत बदलून दिला. इंजिन व चासी नंबर कागदांशी ताडून पाहणे, मीटरवरचे किलोमीटर पाहणे, नट-बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का ते पाहणे हे कोणत्याही गाडीला करावेच. काळ्या गाडीला ऊन आणि वेळ हे दोन जास्तीचे लागतात.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे, तिच्याकडे येते. काळी गाडी संध्याकाळी दिसत नाही. समोरून येणाऱ्याला दिसते, कारण २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच असतो. मागून येणाऱ्यालाही मागचा दिवा दिसतो. प्रश्न बाजूचा आहे. चौकात काटकोनातून येणाऱ्याला आपला एकही दिवा दिसत नाही. चंदेरी सायलेन्सर असता तर येणाऱ्याच्या दिव्याचा उजेड त्यावरून परतला असता, काळ्यावरून तो परतत नाही. सातारा-कोरेगाव रस्त्यावर हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर येतो तो वळतानाच, आणि उसाच्या मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या असल्याने चालकाला बाजूचे फार थोडे दिसते. पहिल्याच हिवाळ्यात शाळा सुटून परतताना, क्षेत्र माहुलीच्या अलीकडे, एक ट्रॅक्टर कच्च्या रस्त्यावरून सरळ माझ्यापुढे निघाला. मी लांब होते, वेग कमी होता, काही झाले नाही. चालकाने थांबून हात जोडले आणि म्हणाला, “मॅडम, दिसलाच न्हाई ओ तुम्ही.” तो खरे बोलत होता.

त्याच आठवड्यात मी फोर्कच्या दोन्ही बाजूंना आणि साइड पॅनेलच्या खालच्या कडेला काळ्या रंगाची परावर्तक पट्टी लावली. ही पट्टी दिवसा काळीच दिसते आणि दिव्याचा झोत पडला की उजळते, त्यामुळे गाडीचे रूप अजिबात बिघडत नाही. ती सहज मिळते, स्वस्त असते, आणि शोरूममध्ये कोणी सुचवत नाही. हेल्मेट मात्र मी सुरुवातीपासून पांढरे घेतले होते. काळ्या गाडीवर काळे हेल्मेट, काळे जाकीट हा वेष आरशात रुबाबदार दिसतो, पण रस्त्यावर तो माणसाला अंधारात मिसळून टाकतो. हेल्मेटवर आयएसआय मार्क, खाली पक्का बंद होणारा पट्टा, आणि रंग शक्य तितका उजळ, हे तीन नियम मी शाळेतल्या प्रत्येक मुलाला सांगते. गाडी माझी काळी आहे, त्यामुळे मी स्वतः दिसत राहण्याची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक घेतली पाहिजे, असे मला वाटते.

चालवण्याबद्दल. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा आला की स्प्लेंडरवर जसे पायांवर भार देऊन उठता येते तसे इथे उठता येत नाही. धक्का सरळ कण्याच्या खालच्या टोकाला बसतो. खड्डा आधी पाहणे आणि वेग आधी कमी करणे एवढाच त्यावर उपाय आहे. लांब चाकांतरामुळे गाडी सरळ रस्त्यावर अतिशय स्थिर वाटते, माहुलीच्या पुलावरच्या आडव्या वाऱ्यातही ती डगमगत नाही, पण वळायला तिला जागा जास्त लागते. अगदी हळू वळताना पुढे झुकलेला फोर्क हँडलला वळणाच्या दिशेने खाली पाडू पाहतो. तिथे पुढचा ब्रेक अजिबात धरायचा नाही, मागच्या ब्रेकवर हलका पाय, हाफ क्लच, आणि नजर चाकासमोर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे. मागच्या चाकाला एबीएस नाही, म्हणून पावसाळ्याआधी मी मैदानावर ओल्या मातीत मागचा ब्रेक मुद्दाम जोरात दाबून चाक कधी घसरू लागते ते समजून घेतले. घाटात १६० चे इंजिन मेटिओरसारखे आळसावून चढत नाही. गियर खाली टाकावाच लागतो, तोही वळणाच्या आधी. यवतेश्वरच्या चढावर आईला मागे घेऊन जाताना दुसऱ्या गियरची सवय झाली. कासपर्यंत आम्ही दोघी कितीतरी वेळा गेलो आहोत आणि गाडीने कधी दम टाकलेला नाही.

निगा राखण्याच्या बाबतीत काळ्या रंगाचे फायदे आहेत आणि काम वाढवणारे गुणही आहेत. पावसाळ्यात क्रोमवर येणारे तांबेऱ्याचे ठिपके इथे येत नाहीत. त्याऐवजी खडी उडून सायलेन्सरवरचा किंवा फोर्कच्या खालच्या भागावरचा रंग टिचतो, आणि तिथल्या उघड्या लोखंडावर पाणी बसले की गंज रंगाच्या खालून पसरतो, म्हणून टवका दिसताच बारीक कागदाने घासून, कोरडे करून, उष्णता सोसणारा रंग लावून टाकावा लागतो. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली आणि ती उन्हात वाळू दिली तर काळ्या इंजिनावर पांढुरके डाग राहतात. नळाच्या पाण्याने, सावलीत, इंजिन गार झाल्यावर धुवावी आणि मऊ कपड्याने लगेच टिपून घ्यावी. टिपून, घासून नव्हे. मॅट भागांना पॉलिश कधीही लावू नये, कारण पॉलिश केलेला भाग तेवढाच चकाकतो आणि ती चकाकी पुन्हा घालवता येत नाही. वैशाखात शाळेच्या आवारात झाडाची सावली मिळाली नाही तर बैठकीवर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकून ठेवते, नाहीतर दुपारी बसवत नाही.

अलीकडे शाळेतल्या एक शिक्षिका अशीच काळी गाडी घ्यायची म्हणतात. त्यांची नजर मेटिओरवर आहे, उंची माझ्यापेक्षा चार बोटे जास्त आहे आणि घर सपाट रस्त्यावर आहे, त्यामुळे त्यांना ती शोभेलही आणि पेलेलही. मी त्यांना एवढेच सुचवले आहे की टेस्ट राइडला जाताना रोजच्या चपला-बूट घालून जावे, गाडी घरी मागवावी, आणि चालवण्याआधी ती आपल्या पार्किंगमधून एकटीने बाहेर काढून, वळवून, पुन्हा आत लावून पाहावी. येत्या रविवारी आम्ही दोघी त्यासाठी जाणार आहोत, आणि परावर्तक पट्टीचा उरलेला गुंडाळा मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे.